नवे बँड शोधताना आणि सुचवताना माणसांचा माग धरा

प्रिय वाचक,

‘त्याच त्या गाण्यांना कंटाळलेला’ अशी सही करून तुम्ही पाठवलेले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा सारांश आधी देते. महाविद्यालयात असताना पिक्सीज, द स्ट्रोक्स आणि आर्क्टिक मंकीज या बँडांमुळे तुम्हाला इंडी रॉकची, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या रॉक संगीताची, गोडी लागली. आता पस्तिशी उलटली आहे, ऐकण्याची ओढ तेवढीच आहे. पण ॲपवर काहीही लावले तरी चार गाण्यांनंतर गाडी त्याच जुन्या नावांवर येऊन थांबते. दुसरी तक्रार अधिक जिव्हारी लागलेली दिसते. तुम्ही बहिणीला आणि दोन मित्रांना मोठ्या हौसेने चाळीस गाण्यांची यादी पाठवलीत. मित्रांपैकी एक मेटलखेरीज काही ऐकत नाही, दुसरा शब्दांचा भोक्ता आहे. दोघेही ‘सवडीने ऐकतो’ यापलीकडे काही बोलले नाहीत. बहिणीने तर ‘रॉक म्हणजे नुसता गोंगाट, मला त्यातले काही कळत नाही’ असे सांगून विषयच संपवला. नवे बँड शोधायचे कसे आणि आपल्याला आवडलेले दुसऱ्याच्या गळी उतरवायचे कसे, हे तुमचे दोन प्रश्न. मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेलेल्या बँडला इंडी म्हणावे का, हेही तुम्ही जाता जाता विचारले आहे.

पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ मला एकच दिसते. ॲप तुम्हाला गाण्यावरून गाणे सुचवते, ते गाणे कुणी केले आणि त्या माणसांचे पुढे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तुम्हीही यादी करताना गाण्यांचाच विचार केलात. ती कोण ऐकणार आहे हा विचार मागे राहिला. म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर असा की, शोधताना गाण्यामागच्या माणसांचा माग धरा आणि सुचवताना समोरच्या माणसाला आधी नीट ओळखा. पुढे जे लिहिते आहे तो याच वाक्याचा विस्तार आहे.

आधी ॲपविषयी. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, मात्र ते नेमके काय करते हे ठाऊक असावे. एखादे गाणे ऐकणाऱ्या लाखो लोकांनी त्याच्या मागेपुढे आणखी काय ऐकले याची ते गोळाबेरीज करते, त्याला गाण्याच्या वेगाची, ध्वनीची, चालीची मोजमापे जोडते आणि तुम्ही मध्येच थांबवणार नाही असे गाणे पुढे ठेवते. तुम्ही थांबवू नये हे त्याचे उद्दिष्ट आहे, तुम्हाला नवे काही सापडावे हे नाही. साहजिकच जे बहुतेकांना खटकत नाही तेच पुन्हा पुन्हा वर येते, आणि वर आले म्हणून आणखी ऐकले जाते.

याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. गॅलॅक्सी ५०० या अमेरिकी त्रिकुटाने १९८८ ते १९९० या काळात तीन अल्बम काढले. त्यांतल्या ‘ऑन फायर’ या १९८९ च्या अल्बममधले ‘स्ट्रेंज’ हे गाणे कधी स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघालेही नव्हते. तरी काही वर्षांपूर्वी स्पॉटिफायवर ते त्यांच्या इतर सगळ्या गाण्यांना मागे टाकून पुढे गेले. बँडचे ड्रमवादक डेमन क्रुकोव्स्की यांनी याचा छडा लावला, तेव्हा एकामागून एक गाणी आपोआप वाजवणाऱ्या ऑटोप्लेच्या सोयीमुळे हे घडले असल्याचे दिसून आले: त्यांच्या गाण्यांपैकी हे गाणे इतर बँडांच्या लोकप्रिय गाण्यांशी अधिक जुळणारे होते. पेव्हमेंट या बँडचेही तसेच झाले. १९९९ साली एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलेले ‘हार्नेस युअर होप्स’ हे गाणे पुढे स्पॉटिफायवर त्यांचे सर्वाधिक ऐकले जाणारे गाणे ठरले. दोन्ही गाणी सुंदर आहेत, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण बँडचा जो स्वभाव इतरांहून वेगळा असतो, ज्यासाठी तो बँड शोधत जावे, नेमका तोच या पद्धतीत मागे पडतो, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता माणसांचा माग म्हणजे काय, ते तुमच्याच पिक्सीजवरून दाखवते. त्यांचा ‘सर्फर रोझा’ हा अल्बम १९८८ साली फोर एडी या ब्रिटिश लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीने, काढला. त्याची श्रेयनामावली काढून वाचा. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनी यांचे आहे, बास गिटार किम डील यांची आहे. किम डील यांनी पुढे द ब्रीडर्स हा स्वतःचा बँड उभा केला आणि त्यांचा ‘पॉड’ हा पहिला अल्बम १९९० साली आला. त्याचेही ध्वनिमुद्रण अल्बिनी यांनीच केले. त्या अल्बममध्ये गिटार वाजवणाऱ्या टान्या डॉनली मूळच्या थ्रोइंग म्यूझेस या बँडच्या. झाला एक फाटा. ड्रम वाजवणाऱ्याचे नाव मात्र तिथे टोपणनावाने छापले आहे. तो होता ब्रिट वॉलफर्ड, अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या स्लिंट या बँडचा ड्रमवादक. स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ हा अल्बम १९९१ साली टच अँड गो या लेबलने काढला. तो लावून पाहा: गिटार इतक्या हळू आणि सुट्या सुरांत सुरू होते की आवाज वाढवावासा वाटतो, गायक गाण्याऐवजी कुणाला तरी गोष्ट सांगावी तसा बोलत राहतो, आणि कान त्या शांततेला सरावतात न सरावतात तोच सगळा बँड अंगावर येतो. पुढे पोस्ट-रॉक या नावाने जे संगीत ओळखले गेले, त्याची बरीच मुळे या एका अल्बमात सापडतात. त्याच्या मुखपृष्ठावर हनुवटीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या चार तरुणांचे कृष्णधवल छायाचित्र आहे. ते काढणारा त्यांचा मित्र विल ओल्डम हा स्वतः पुढे गीतकार-गायक म्हणून नावाला आला आणि बॉनी ‘प्रिन्स’ बिली या नावाने त्याने १९९९ साली ‘आय सी अ डार्कनेस’ हा अल्बम काढला. तो अल्बम इतका शांत आणि हळवा आहे, की ‘सर्फर रोझा’ ऐकताना आपण इथवर येऊ असे स्वप्नातही वाटत नाही.

एका अल्बमपासून निघून, चार नावे वाचून तुम्ही कुठल्या कुठे पोहोचलात हे पाहा. वाटेतल्या बँडांचे ध्वनी एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. जुळतो तो त्यांचा दृष्टिकोन, त्यांची कामाची पद्धत, काय करायचे नाही याविषयीचा त्यांचा ठामपणा. मला तरी आवड म्हणतात ती याच पातळीवर असते असे वाटते. पिक्सीज आवडणाऱ्याला पिक्सीजची नक्कल फार काळ पुरत नाही, पण त्यांच्यासारखे निर्भयपणे काम करणाऱ्या माणसांचे संगीत, ते कसेही वाजत असले तरी, पुष्कळदा भावते.

अल्बिनी यांच्या नावावर क्षणभर आणखी थांबते, कारण ध्वनिमुद्रक हा फार चांगला धागा असतो आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. २०२४ साली त्यांचे निधन झाले. ‘निर्माता’ हे बिरुद त्यांनी स्वतःला लावून घेतले नाही, बँडच्या विक्रीत वाटा मागितला नाही. ठरलेला मोबदला घ्यायचा आणि बँड खोलीत जसा वाजतो तसाच टेपवर उतरवायचा, हे त्यांचे तत्त्व होते. त्यांनी मुद्रित केलेले ड्रम ऐकताना त्या खोलीचा आकार जाणवतो. पी जे हार्वी यांचा १९९३ चा ‘रिड ऑफ मी’ त्यांनीच मुद्रित केला, आणि अत्यंत संथ, हळुवार गाणाऱ्या लो या बँडचा २००१ चा ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ही त्यांनीच. लो हे नाव लक्षात ठेवा. तुमच्या बहिणीसाठी मला ते लागणार आहे.

माणसांइतकाच भरवशाचा दुसरा धागा लेबलचा. इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही देऊन टाकते. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० मध्ये इंडी रेकॉर्डची स्वतंत्र विक्रीयादी सुरू झाली, तेव्हा त्या यादीत बसण्याची अट संगीताच्या शैलीची नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेर वितरण झालेली रेकॉर्ड, एवढीच अट होती. पुढे त्या छोट्या लेबलांवरच्या गिटार-बँडांची एक ओळखीची शैली घडत गेली आणि तीच शैली मोठ्या कंपन्यांकडेही गेली. आर.ई.एम. हा बँड १९८८ साली वॉर्नर या मोठ्या कंपनीकडे गेला, सोनिक यूथ या बँडने १९९० साली गेफन या मोठ्या कंपनीसाठी ‘गू’ हा अल्बम काढला, बिल्ट टू स्पिल या बँडचा ‘परफेक्ट फ्रॉम नाऊ ऑन’ हा १९९७ चा अप्रतिम अल्बमही वॉर्नरचाच आहे. यांना कुणी इंडी म्हटले तर मी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. करार कुणाशी झाला यावरून गाण्याची प्रत ठरत नाही. मात्र शोधणाऱ्याच्या दृष्टीने छोट्या लेबलचा एक मोठा उपयोग आहे: तिथे काय काढायचे हे दोन-चार माणसांच्या आवडीने ठरते, त्यामुळे एक अल्बम आवडला की त्यांनी काढलेला दुसराही आवडण्याची शक्यता बरीच असते.

न्यूझीलंडच्या फ्लाइंग नन या लेबलचे उदाहरण मला फार प्रिय आहे. क्राइस्टचर्चमध्ये रेकॉर्डचे दुकान सांभाळणाऱ्या रॉजर शेफर्ड यांनी १९८१ साली ते सुरू केले. सुरुवातीच्या काळातच आलेले द क्लीन या बँडचे ‘टॅली हो!’ हे गाणे अगदी थोडक्या पैशांत मुद्रित झाले होते, आणि तरी ते देशाच्या विक्रीयादीत १९ व्या क्रमांकापर्यंत चढले. त्यात जो थोडा घोगरा, खेळकर ऑर्गन वाजतो तो मार्टिन फिलिप्स यांनी वाजवला आहे. हेच द चिल्स या बँडचे प्रमुख. द चिल्सचे ‘पिंक फ्रॉस्ट’ हे १९८४ चे गाणे तुम्ही ऐकले नसेल तर आजच ऐका. ऐन तारुण्यात गेलेल्या आपल्या ड्रमवादकाला त्यांनी ते अर्पण केले होते, आणि त्याची गिटार इतकी थंड, दूरवरून आल्यासारखी आहे की ती बराच वेळ डोक्यातून जात नाही. द क्लीनचेच रॉबर्ट स्कॉट द बॅट्स या बँडमध्ये गाताना भेटतात. म्हणजे एका लेबलचे दार उघडले की एकमेकांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मंडळींचा एक गोतावळाच समोर येतो. पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या अमेरिकी बँडांवर या न्यूझीलंडच्या संगीताची छाप आहे. तेव्हा ते आवडत असतील तर हा त्यांच्या आजोळाकडे जाणारा रस्ता समजा.

अशीच आणखी काही लेबले हाताशी ठेवा. सुपरचंक या बँडच्या लॉरा बॅलन्स आणि मॅक मकॉन यांनी १९८९ साली सुरू केलेले मर्ज हे वाजवणाऱ्यांनीच चालवलेले लेबल. न्यूट्रल मिल्क हॉटेलचा १९९८ चा अल्बम आणि आर्केड फायरचा २००४ चा ‘फ्युनरल’ त्यांनीच काढले. मॅटाडोर, डिस्कॉर्ड, सब पॉप, डॉमिनो ही नावेही तुमच्या कानांवरून गेली असतील. कोणतेही एक निवडा, आणि त्याने यंदा काढलेले सगळे अल्बम, नाव ओळखीचे असो वा नसो, एकेकदा ऐका. सगळेच आवडणार नाहीत, पण आपल्या आवडीची सीमा नेमकी कुठे आहे हे त्यातून जितके स्पष्ट कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही.

तिसरा मार्ग रेडिओचा. निवेदक जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ साली निधन होईपर्यंत बीबीसी रेडिओ वनवर एका माणसाच्या कुतूहलाच्या बळावर असंख्य अनोळखी बँड लोकांपर्यंत पोहोचवले. त्या परंपरेतली केंद्रे आजही आहेत. सिॲटलचे के-ई-एक्स-पी आणि न्यू जर्सीचे डब्ल्यू-एफ-एम-यू ही दोन्ही श्रोत्यांच्या वर्गणीच्या आधारावर चालतात, इंटरनेटवरून कुठेही ऐकता येतात आणि कोणत्या कार्यक्रमात काय वाजवले याची यादी देतात. केंद्रापेक्षा निवेदक निवडा. ज्याची आवड तुमच्याशी निम्मी जुळते असा एखादा निवेदक सापडला की त्याला धरून राहा. पूर्ण जुळणारा सापडला तर तो तुम्हाला नवे काही देणार नाही.

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर हाच मार्ग वेगळ्या रूपात सापडतो. तिथे एखाद्या अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी छायाचित्रे दिसतात आणि काहींनी दोन ओळींत आपले आवडते गाणे व त्याचे कारण लिहिलेले असते. ज्याने लिहिलेले तुम्हाला पटते त्याच्या छायाचित्रावर टिचकी मारा. त्याने आजवर विकत घेतलेला सगळा संग्रह उघडतो. पदरचे पैसे घालून जमवलेला संग्रह आणि आपोआप जुळलेली यादी यांत फार अंतर असते. तुम्हालाही काही आवडले तर तिथे विकत घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. डिजिटल विक्रीत बँडकॅम्प स्वतःचा वाटा साधारण १५ टक्के घेते आणि उरलेले, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता, बँडकडे किंवा त्याच्या लेबलकडे जाते. छोट्या बँडला पुढचा अल्बम मुद्रित करता येईल की नाही हे अशा काहीशे खरेदीदारांवर अवलंबून असते.

समीक्षेविषयी थोडक्यात. समीक्षा जरूर वाचा, पण दहापैकी किती गुण दिले ते बघून वाचणे थांबवू नका. समीक्षकाने ज्या कारणासाठी नावे ठेवली आहेत तेच कारण तुम्हाला ओढून घेणारे असू शकते. ‘फारच पसरट, फारच लांब’ असे कुणी यो ला टेंगोविषयी लिहिले तर मी तो अल्बम त्याच दिवशी लावेन.

नवे ऐकताना एक पथ्य पाळा. चाचपून पाहण्यासाठी गाण्याचे पहिले अर्धे मिनिट ऐकून पुढे जाण्याची सवय लागली असेल तर ती मोडा. ‘स्पायडरलँड’ अर्ध्या मिनिटात काहीच सांगत नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम पहिल्यांदा ऐकताना टेप बिघडली की काय असे वाटते, कारण त्यांचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारचा सूर वाकवणारा ट्रेमोलो दांडा हातात धरूनच तारा छेडतात आणि प्रत्येक सूर किंचित वाकत, सरकत जातो. त्या वाकण्याला कान तयार व्हायला दोन-तीन वेळा ऐकावे लागते, आणि एकदा तयार झाले की इतर गिटारी कोरड्या वाटू लागतात. आठवड्याला एकच नवा अल्बम घ्या, तो तीनदा पूर्ण ऐका, मग ठेवायचा की सोडायचा ते ठरवा. तुमच्या पत्रावरून तुम्ही नवे कमी ऐकता असे मला वाटत नाही. तुम्ही फार लवकर सोडून देता असे वाटते.

आता दुसऱ्याला सुचवण्याकडे वळू. चाळीस गाण्यांची यादी कुणी ऐकली नाही याचे तुम्हाला वाईट वाटले, ते मी समजू शकते; त्या यादीमागे तुमचे अनेक तास आणि खरे प्रेम होते. पण घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. चाळीस गाणी म्हणजे जवळपास अडीच तासांचे काम, आणि ते झाल्यावर अभिप्राय द्यायची जबाबदारी वेगळी. शिवाय तिघांना एकच यादी गेली, म्हणजे ती त्यांच्यापैकी कुणासाठीच केलेली नव्हती. तुमच्या मनात काय आहे हे त्या यादीतून कळते. आपल्या मनात काय आहे याची दखल घेतली गेली, असे त्यांना वाटत नाही.

म्हणून एका वेळी एका माणसाला एकच गाणे पाठवा. ते तुमचे सर्वांत लाडके असायलाच हवे असे नाही, आणि बँडचे सर्वांत गाजलेलेही नको. त्या माणसाच्या आजच्या आवडीला लागून असलेले, पण एक पाऊल पलीकडचे गाणे शोधा. त्यासोबत ‘हे जबरदस्त आहे, ऐकच’ असे लिहू नका, कारण त्यात गाण्याविषयी काहीच माहिती नसते आणि आवडलेच पाहिजे असा दबाव मात्र असतो. त्याऐवजी हे गाणे ऐकून त्याचीच आठवण का झाली ते दोन वाक्यांत लिहा आणि गाण्यातली एखादी नेमकी जागा दाखवा. माणूस त्या जागेची वाट पाहत ऐकतो, आणि वाट पाहत ऐकणाऱ्याचे लक्ष उडत नाही.

तुमच्या तिघांसाठी मी काय निवडले असते ते सांगते.

मेटल ऐकणाऱ्या मित्राला मी नायजेर या आफ्रिकी देशातले, तुआरेग जमातीचे गिटारवादक म्डू मोक्तार यांच्या ‘आफ्रिक व्हिक्टीम’ या अल्बममधले शीर्षकगीत पाठवले असते. २०२१ साली मॅटाडोरने तो काढला. मेटलच्या श्रोत्याला वादनाचा वेग आणि वादकाची तयारी यांची कदर असते, आणि डावखुऱ्या मोक्तार यांच्या बोटांतून गाण्याच्या उत्तरार्धात जे काही बाहेर पडते त्यापुढे भलेभले वादक मान तुकवतील. शब्द कळले नाहीत तरी त्याचे काही अडणार नाही. त्याला हे रुचले तर पुढे फुगाझी या बँडचे ‘वेटिंग रूम’ पाठवा आणि एवढेच लिहा की, बासने गाणे सुरू केल्यावर लवकरच सगळा बँड एकदम गप्प होतो, ती जागा ऐक. आवाज न वाढवताही एखादा बँड किती ताण निर्माण करू शकतो हे त्याला तिथे कळेल.

शब्दांचा भोक्ता असलेल्या मित्रासाठी द माउंटन गोट्स हा बँड. त्याचे गीतकार-गायक जॉन डार्नील यांनी २००२ साली आलेला ‘ऑल हेल वेस्ट टेक्सास’ हा अल्बम एका साध्या कॅसेट-रेकॉर्डरवर मुद्रित केला. यंत्राची घरघर गाण्यामागे सतत ऐकू येते. त्यातले पहिलेच गाणे डेथ मेटल बँड काढू पाहणाऱ्या दोन शाळकरी मुलांचे आहे. त्यांचे बँडच्या नावावर एकमत होत नाही, मोठी माणसे त्यांच्यापैकी एकाला दूरच्या शाळेत पाठवून देतात, आणि त्या मुलांच्या मनात साठलेला राग शेवटी असा उसळतो की ऐकणारा त्यांच्या बाजूने उभा राहतो. कथेइतका तपशील, आणि एक शब्द जास्तीचा नाही. ध्वनिमुद्रण असे का आहे हे मात्र आधीच सांगा, नाहीतर तो फाइल खराब आहे समजून बंद करील.

तुमची बहीण मला या तिघांत सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिने निदान कारण तरी दिले आहे. गोंगाट वाटतो हे तिचे म्हणणे खोडून काढायला जाऊ नका. ‘हा गोंगाट नाही’ असे पटवून देऊन आजवर कुणाला गाणे आवडलेले नाही. तिला काय आवडते ते आधी विचारा, आणि विचारल्यावर मध्येच न बोलता ऐका. ती सुरांची, दोन आवाजांच्या मेळाची, सावकाश उलगडणाऱ्या चालीची भोक्ती असेल, आणि गोंगाटाचा त्रास होणारे बरेच जण तसे असतात, तर तिला लोचे ‘सनफ्लॉवर’ पाठवा. ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ची सुरुवात याच गाण्याने होते. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर या पतिपत्नीचा हा बँड. मिमी उभ्याने, अगदी मोजक्या ड्रमवर, बहुधा ब्रशने ताल धरत असत, आणि दोघांचे आवाज असे एकजीव होत की कुणाचा कुठला हे सांगता येऊ नये. २०२२ साली मिमी गेल्या आणि तो बँड तिथेच थांबला.

बहिणीला निरोप असा लिहिता येईल: ‘तुला मोठा आवाज नको असतो हे लक्षात ठेवून हे पाठवतो आहे. दोघे नवराबायको गातात आणि दोघांनाही कसलीच घाई नाही. दुसरा आवाज कधी मिसळतो तेवढे बघ. नाही आवडले तर तसे मोकळेपणाने सांग.’ यात बँडचा इतिहास नाही, लेबल नाही, वर्ष नाही. ते सगळे तिने विचारले तर सांगा, आणि विचारले नाही तर मनात ठेवा. गाणे वाजत असताना तिच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका, आणि दुसऱ्या दिवशी ‘ऐकलेस का?’ असेही विचारू नका. विचारणा झाली की ऐकणे हे देणे होऊन बसते.

तिने उत्तरादाखल स्वतःच्या आवडीचे काही पाठवले तर ते पूर्ण ऐका आणि त्यातली तुम्हाला आवडलेली एक जागा तिला कळवा, मग ते संगीत तुमच्या आवडीपासून कितीही दूरचे असो. ‘सनफ्लॉवर’ तिला भावले नाही तर लो बाजूला ठेवा आणि यो ला टेंगोचे ‘ऑटम स्वेटर’ पाठवून पाहा. तिथे गिटार जवळजवळ नाहीच, ऑर्गन आणि ड्रम यांच्यावर एक हलका आवाज गातो. ‘सनफ्लॉवर’ भावले तर मात्र लोच्या त्याच अल्बममधले ‘डायनासोर ॲक्ट’ हे पुढचे असू द्या. आवाज तेच दोन आहेत, चालही सावकाशच आहे, पण गिटार चांगलीच खरखरीत आणि मोठी होते, आणि पहिले गाणे आवडले असेल तर त्या खरखरीमागचे सूर तिला आपोआप ऐकू येतील. तिथून पुढे त्याच बँडच्या २०२१ च्या ‘हे व्हॉट’पर्यंत, जिथे तेच दोन आवाज प्रचंड, फाटलेल्या ध्वनीतून वाट काढतात, ती कदाचित एका वर्षाने पोहोचेल, कदाचित तुमच्या आधीच पोहोचेल. तो अल्बम मात्र तुम्ही होऊन पाठवू नका. तिने ‘यांचे आणखी काय आहे?’ असे विचारेपर्यंत थांबा.